शिरगावच्या बांयी आणि मायनिंगचा हिशोब

गोव्याच्या डिचोली तालुक्यातलं शिरगाव म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना एकच आठवतं, लईराई देवीची जत्रा. वैशाख शुद्ध पंचमीला रात्री जायचं, धोंड, म्हणजे देवीचं व्रत धरलेले भक्त, बघायचे, पहाटे होमखण, म्हणजे लाकडांची मोठी होळी, पेटून निखारे झाले की त्यावरून ते चालतात ते गर्दीत टाचा उंचावून बघायचं, मोगऱ्याचे कळे घ्यायचे आणि उजाडायच्या आत म्हापशाच्या रस्त्याला लागायचं. मी लहानपणापासून असंच शिरगाव बघत आलेय, म्हणजे रात्रीचंच. दिवसा उजेडी, जत्रा नसताना, गावातल्या वाटेवरून पायी फिरायचं असं कधी झालंच नव्हतं. यंदा संक्रांतीनंतर माझ्या मैत्रिणीने बोलावलं, तिचं सासर तिथलं, म्हणाली एकदा ये आणि नीट बघ, आमच्या सासूबाईंना भेट, त्या आहेत तोवर ये. तो शेवटचा शब्द तिने सहज म्हटला पण माझ्या डोक्यात राहिला, आणि आता परत आल्यावर कळतंय की तो किती बरोबर होता. म्हणून हे सगळं लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

म्हापशाहून थिवी, अस्नोडा करत गेलं की रस्ता हळूहळू लाल व्हायला लागतो. आता पूर्वीसारखा नाही, 2010 च्या आसपास तुम्ही या बाजूला गेला असाल तर आठवत असेल, झाडं लाल, छपरं लाल, देवळाच्या पायऱ्या लाल, बाहेर वाळत घातलेले कपडे परत धुवायला लागायचे. आता पावसांनी बरंचसं धुऊन नेलंय. पण डोंगर बघायला शिकावं लागतं इथे. समोर हिरवा उंचवटा दिसतो, तुम्ही म्हणाल छान डोंगर आहे, आणि मैत्रीण सांगते हा डोंगर नव्हे हा डंप. खाणीतून मालासाठी, म्हणजे लोहखनिजासाठी, जी वरची माती काढली ती इथे टाकली, तिचा हा उंचवटा. ओळखायचं कसं, तर एक म्हणजे बाजू पायऱ्या-पायऱ्यांची असते, आणि दुसरं म्हणजे त्यावर एकाच जातीचं झाड दिसतं, अकेशिया. माती धरून ठेवायला तो लावला, लवकर वाढतो म्हणून. खऱ्या डोंगरावर किंदळ असतो, माट्टी असते, करवंदाची जाळी असते, काजी म्हणजे काजूची झाडं असतात, खाली गवतात काय काय असतं. डंपावर अकेशियाच्या वाळक्या पानांचा थर आणि त्याखाली परत लाल माती.

एक टन माल काढायला साधारण अडीच ते तीन टन माती हलवावी लागते असं मायनिंगमधली माणसं सांगतात. हा आकडा ऐकून माहीत होता, पण डंपाच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितल्यावर तो जसा कळला तसा आधी कधी कळला नव्हता.

घरी पोचलो तर काकी सोप्यावर बसूनच होत्या. (मैत्रीण त्यांना आई म्हणते, मी काकी.) ऐंशीच्या पुढे वय, पण नजर आणि आवाज दोन्ही खणखणीत. चहा झाला, सांजा झाला, कुठल्या गावची कोणाची हे सगळं विचारून झालं आणि मग मी म्हटलं काकी खाण बघायची होती. तर त्या म्हणाल्या, "खाण बघायला सगळे येतात गो बाय, टीव्हीवाले येतात, कॉलेजची पोरं येतात. खड्डा काय बघायचा. तू आधी बांयी बघ." आणि काठी घेऊन उठल्याच.

मग आम्ही काकींच्या मागून अख्खा वाडा, म्हणजे गावातली ती वस्ती, फिरलो. बांय म्हणजे विहीर. मला वाटलं होतं की त्या दोन-तीन विहिरी दाखवतील. पण त्यांना प्रत्येक बांय माहीत, कोणी खणली, कोणाच्या लग्नाच्या वर्षी बांधून काढली, पाणी किती हातांवर असायचं, कुठलं पाणी डाळ शिजवायला बरं आणि कुठलं नुसतं धुण्याला. एका बांयीशी थांबून म्हणाल्या ही आमच्या घराण्याची, मी लग्न होऊन आले तेव्हा चैत्रातसुद्धा वाकून तांब्या बुडवता येईल की काय असं पाणी असायचं. मग वाकून बघितलं तर आता तळाशी थोडंसं पाणी, वर आकाशाचा तुकडा. दुसरी एक पूर्ण बुजलेली, आत केळ उगवलेली. तिसरीवर पंप. चौथी त्यांनी काठीने दाखवली, जिथे आता तारेचं कुंपण आहे त्याच्या पलीकडे, म्हणजे दाखवायला काहीच नव्हतं, हवेत काठी धरून म्हणाल्या तिथे होती.

आणि एका जागी, शेताच्या मेरेवर, थांबून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "हांगा पयलीं झर आशिल्ली." म्हणजे इथे पूर्वी झरा होता. बस एवढंच. मी बघितलं तर चिऱ्यांचा एक छोटा चौकोन, शेवाळ सुकलेलं, शेजारी आंबाड्याचं झाड. पाणी नाही.

आता ही झर का आटली हे मला नीट समजून घ्यायचं होतं, कारण मायनिंगने पाणी गेलं असं आपण सगळेच म्हणतो पण गेलं म्हणजे कसं गेलं. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, एवढा पाऊस पडून डोंगराखालच्या गावाला टँकर लागावा हे सहजासहजी पटत नाही. तर त्याचं असं आहे. आपल्या डोंगरांवर वर जांभा असतो, चिऱ्याचा दगड, तो भोकाभोकांचा, पाऊस पडला की पिऊन घेतो. त्याच्या खाली चिकण मातीचे थर, आणि त्याखाली लोहखनिज, त्यातलं बरंचसं इथे भुकटीसारखं, ठिसूळ. ही भुकटीच पाणी धरून ठेवते. म्हणजे ज्याला कंपनी माल म्हणते तोच गावाचा पाण्याचा साठा होता, एकच वस्तू. पावसाळ्यात डोंगर भरायचा आणि मग आठ महिने पायथ्याशी झरी, बांयी, तळी यांच्यातून थोडं थोडं सोडत राहायचा. डोंगर काढला तेव्हा नुसती माती गेली नाही, टाकीच गेली.

आणि पुढचं त्याहून वाईट. खाण खोल जात जात भूजलाच्या पातळीच्या खाली गेली की खड्ड्यात पाणी भरायला लागतं, मग ते उपसायला पंप, रात्रंदिवस. आता एका ठिकाणी सतत उपसा चालू असेल तर आजूबाजूचं सगळं पाणी त्या दिशेने उतरणार, तुमच्या बांयीतलं पण. शिरगावात तर गावाच्या भोवती तीन खाणी होत्या, म्हणजे तिन्ही बाजूंनी ओढ. आणि उपसलेलं पाणी सोडायचं कुठे, तर व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि व्हाळ येतो शेतात. म्हणून त्या काळात असं झालं की जानेवारीत बांय कोरडी आणि शेतात मात्र गुडघाभर लाल गाळ. प्यायला पाणी टँकरने. या गावाचा पाण्याचा प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला होता, तज्ज्ञांकडून अभ्यास झाला होता, हे सगळं कागदोपत्री आहे, कोणी हवेत बोलत नाही.

काकी मात्र पाण्याबद्दल बोलताना कोर्टाबद्दल बोलत नाहीत, वायंगणाबद्दल बोलतात. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे भाताची दोन पिकं, पावसाळ्यातलं सरद आणि पाऊस संपल्यावर झरीच्या-व्हाळाच्या पाण्यावर घेतात ते वायंगण. सरद काय, पावसावर होतं. वायंगण व्हायला गावात डिसेंबर ते मार्च जिवंत पाणी लागतं. म्हणजे एखाद्या गावात वायंगण होतं की नाही एवढं विचारलं की त्या गावच्या पाण्याची तब्येत कळते. काकी म्हणाल्या आधी वायंगण गेलं. मग कुळागराची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेची, खालची ओळ गेली, माड उभे होते पण पोफळी सुकल्या, पोफळीला पाणी चुकवून चालत नाही. मग मिरच्या, अळसांदे, चवळी, जे काय बायका पाटाच्या पाण्यावर परसात करायच्या आणि डिचोलीच्या बाजारात नेऊन चार पैसे स्वतःच्या हाताने मिळवायच्या ते गेलं. हे शेवटचं मी आजवर कुठल्या रिपोर्टात वाचलेलं नाही. भात गेलं त्याची नुकसानभरपाई मिळाली, कमी-जास्त, उशिरा, पण मिळाली, ती सातबाराच्या, म्हणजे आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचं नाव त्याला. परसातल्या मिरचीचा उतारा नसतो.

थोडं मागे जाऊया, कारण गोव्यातल्या मायनिंगची गोष्ट आपण 2012 च्या बंदीपासून सुरू करतो आणि ते मला पटत नाही. ही गोष्ट पोर्तुगीजांच्या 1906 च्या खाण कायद्यापासून सुरू होते. माल सापडला की नोंद करायची, मग सरकार कन्सेशन देणार, आणि त्या कन्सेशनला मुदत नाही, कायमचं. खाली गाव आहे, देऊळ आहे, शेत आहे, गावकरीची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, जमीन आहे, ते सगळं नकाशावर कन्सेशनच्या रेषेच्या आत. पुढची बरीच वर्षं फार काही झालं नाही, आणि मग दुसऱ्या महायुद्धानंतर जग परत बांधायला लोखंड लागायला लागलं, जपानच्या पोलाद कारखान्यांना माल हवा होता आणि 1950 च्या दशकात गोव्यातून तो जोरात जायला लागला. सुरुवातीला सगळं हाताने. काकींच्या सासूने डोक्यावर पाट्या वाहिलेल्या, पुरुष पारयांनी खणायचे आणि बायका पाट्या न्यायच्या. नंतर मशिनं आली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, हा सगळा पट्टा खाणींचा झाला, माल ट्रकने नदीकाठी, तिथून बार्जमधे आणि मांडवी-झुवारीतून मुरगाव बंदरात. पावसात आग्वादच्या तोंडाशी मांडवी खवळते तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून आत वळून झुवारीत जायच्या. पणजीच्या धक्क्यावर संध्याकाळी बसून बार्ज मोजणे हा आमचा लहानपणचा खेळ होता, त्या बार्जमधे कोणाची तरी झर चाललीय हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

1961 ला गोवा मुक्त झाला पण कन्सेशनं तशीच राहिली. ती रद्द करून त्यांची लीज करणारा कायदा आला 1987 मधे. मग 2000 नंतर चीनने खरेदी सुरू केली, आणि जो हलक्या प्रतीचा माल इतकी वर्षं कोणी घेत नव्हतं म्हणून डंपावर टाकला होता तोही विकला जायला लागला, जुने डंपसुद्धा उकरून नेले. 2010-11 या एका वर्षात गोव्यातून 5 कोटी टनांहून जास्त माल बाहेर गेला, त्यात थोडा कर्नाटकातलाही होता. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल, 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. 2014 मधे कोर्टाने सांगितलं की ही सगळी लीज 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, आणि पुढे काढायचं तर वर्षाला 2 कोटी टनांच्या आत. सरकारने 88 लीज परत नूतन करून दिली, ती 7 फेब्रुवारी 2018 ला कोर्टाने रद्द केली, आणि 16 मार्चपासून परत सगळं बंद.

ही तारखांची यादी मला त्या दिवशी दुपारी जेवताना पाठ करून घेतल्यासारखी ऐकायला मिळाली ती मैत्रिणीच्या दिराकडून. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंनी तेजीच्या वर्षांत बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतले होते, एक आधी आणि दुसरा बंदीच्या थोडं आधी. ट्रक कसे चालायचे ते त्यांनी सांगितलं, जितक्या जास्त ट्रिपा तितके पैसे, म्हणून पहाटे उठून लायनीत लागायचं, जेवण ट्रकमधेच, आणि ट्रिपा वाढवायला सगळेच वेगात, त्यामुळे रस्त्यावर माणसं गेली, शाळेतली मुलं गेली, हे सांगताना त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. मग 2012. ट्रक दारात उभे, हप्ते चालू, टायर बसलेले. सरकारच्या मदतीच्या स्कीम आल्या, काही मिळालं, पण घरात मुलीचं इंजिनियरिंग, आईचं औषध. एक ट्रक मिळेल त्या भावात विकला.

मी विचारलं भाऊ मग बंदी चुकीची होती का. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, मायन बंद झाल्यावर दोन-तीन पावसाळ्यांनी आमच्या बांयीला पाणी चढलं. आईने मला हाक मारून दाखवलं. मी बघितलं आणि मला आनंद पण झाला आणि त्याच वेळी बँकेचं पत्र खिशात होतं. आता तुम्ही मला सांगा मी काय बोलू." काकी समोरच बसल्या होत्या, त्यांनी भाऊंच्या ताटात आणखी भात वाढला.

मला हे इथे मुद्दाम लिहायचं आहे कारण पणजीत, फेसबुकवर, मीटिंगांमधे आपण हे प्रकरण असं मांडतो की एका बाजूला ट्रकवाले आणि दुसऱ्या बाजूला शेतकरी, पर्यावरणवाले. शिरगावात ते एका घरात, एका पंक्तीला बसून जेवतात, एकमेकांची आई आणि मुलगा असतात. कोणी कोणाला शत्रू समजत नाही. त्यांना चिडवतं ते वेगळंच, की गावात काय होणार ते गावाला शेवटी कळतं.

दुपारी ऊन उतरल्यावर भाऊंनी खड्डा दाखवायला नेलं. लांबून, कुंपणाच्या बाहेरून. मी शब्दांत किती सांगू, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेल्या लाल, जांभळ्या, पिवळट भिंती आणि तळाशी हिरवं-निळं पाणी, अगदी स्थिर. फोटो काढला तर सुंदर येतो, म्हणून बरेचजण रील काढायला येतात. हे पाणी म्हणजे डोंगर असता तर त्याच्या पोटात राहिलं असतं ते. तेच आता उघड्यावर, उन्हात. आणि पावसाळ्यात हा खड्डा भरायला लागला की गावाची झोप उडते, कारण काठ मातीचे, ढासळले तर खाली घरं. म्हणून खाण बंद असतानाही उपसा करावाच लागतो. म्हणजे काम थांबलं तरी त्याची राखण चालूच. भाऊ म्हणाले लहानपणी आम्ही इथे वर काजी गोळा करायला यायचो, आणि हाताने दाखवलं ते आमच्या डोक्याच्या वर, हवेत, जिथे जमीन होती तिथे. सकाळी काकींनी काठीने दाखवली होती तशीच दिशा. या गावातली माणसं बोलताना सारखी रिकाम्या हवेत बोट दाखवतात.

संध्याकाळी देवळात गेलो. गर्दी नव्हती, दोन बायका कळे गुंफत होत्या. लईराई सात बहिणींपैकी एक, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय, आणि म्हापशाची मिराबाय जिला ख्रिश्चन लोक मिलाग्रिस सायबीण म्हणून पुजतात, आणि या बहिणींचा भाऊ वायंगिणीचा खेतोबा. नकाशावर ही गावं बघा, शिरगाव, मुळगाव, मये ही तिन्ही एकमेकांना लागून आणि तिन्ही खाणपट्ट्यात. देवीच्या व्रतात पाणी पदोपदी लागतं. धोंड व्रत धरतात तेव्हा सोवळ्याने राहायचं, स्वतःचं जेवण वेगळं रांधायचं, आंघोळी तळीवर, झरीवर. आगीवरून चालायच्या आधी सुद्धा स्नान. लोक आग बघायला येतात, मी पण इतकी वर्षं आगच बघत होते, पण या व्रताचा पाया पाण्यावर आहे. तळीचं पाणी कमी झालं म्हणजे नुसतं शेतीचं नुकसान होत नाही, गावाने देवीला दिलेला शब्द पाळणं कठीण होतं. काकींना हे सांगताना रडू आलं. त्या स्वतः कधी धोंड झाल्या नाहीत, नवरा व्हायचा, त्याच्यासाठी त्या पहाटे झरीचं पाणी भरून ठेवायच्या.

आता परत नवीन प्रकरण सुरू झालंय. 2022 च्या डिसेंबरात सरकारने खाणींचे ब्लॉक करून लिलाव केले, पहिल्या लिलावातच डिचोली-मुळगाव, शिरगाव-मये, मोंत-द-शिरगाव अशी नावं होती, आणि 2024 मधे डिचोलीच्या ब्लॉकमधे काम परत चालू झालं. ब्लॉकची रेषा कुठून जाते हा मोठा वाद, कारण मुळगाव आणि शिरगावच्या लोकांचं म्हणणं की घरं, देवळं, तळी, शेतं सगळं रेषेच्या आत घेतलंय, ते आधी बाहेर काढा आणि मग बोला. पिळगावच्या शेतकऱ्यांनी तर शेतातून जाणारी मालाची वाहतूक रस्त्यावर बसून अडवली होती. माझं मत विचाराल तर ही मागणी इतकी साधी आहे की ती मागावी लागणं हीच शरमेची गोष्ट आहे. ज्या घरात माणसं राहतात ते घर खाणीच्या ब्लॉकमधे नको. 1906 च्या कायद्याने नकाशावर रेघ मारताना गाव बघितलं नव्हतं, ते परक्यांचं राज्य होतं. आता आपलं आहे.

मैत्रिणीने त्यांचा एक-चौदाचा उतारा काढून दाखवला. ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगते, त्यात जमिनीच्या प्रकाराचे रकाने असतात, भात, बागायत, खाजन, खेर, मोरड असे. केवढी बारीक समज आहे त्यात, खाली खाऱ्या पाण्याची खाजन, मधली खेर, वरची मोरड, प्रत्येकीचं पाणी वेगळं, पीक वेगळं. त्यांच्या एका तुकड्यासमोर भाताचं क्षेत्र लिहिलंय आणि प्रत्यक्षात तिथे डंपाचा पायथा येऊन टेकलाय. कागदावर अजून भात पिकतं. त्या उताऱ्यात भाताला रकाना आहे, बागायतीला आहे, कुळाचं नाव आहे, मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, आहे. झरीला रकाना नाही.

आणि दिवसभर मनात जे फिरत होतं ते मला तिथे नीट कळलं. मालाचा हिशोब टनाटनाचा आहे, प्रत्येक ट्रकची स्लिप, प्रत्येक बार्जचं वजन, बंदरावरची नोंद, रॉयल्टीची पावती. म्हणून तर आयोगाला घोटाळा काढता आला, कोर्टाला मर्यादा घालता आली, बेकायदा माल किती ते भांडता आलं, कारण आकडा होता. पाण्याचा आकडा कोणी ठेवलाच नाही. कुठल्या वाड्यावर किती बांयी होत्या, पाणी किती हातांवर होतं, कुठली झर कधी आटली, वायंगण कुठल्या वर्षी शेवटचं झालं, हे फक्त काकींसारख्या माणसांच्या डोक्यात आहे. उद्या सुनावणीला कोणी उभं राहून म्हटलं की आमच्याकडे झर होती, तर समोरचा विचारणार पुरावा काय. जनसुनावण्यांमधे हेच होतं, लोक कळवळून बोलतात आणि रिपोर्टात "परिसरात महत्त्वाचे जलस्रोत नाहीत" असलं वाक्य तसंच राहतं. राग येतो, पण नुसत्या रागाने ते वाक्य बदलत नाही.

ज्यांना शिरगाव दिवसा बघायला जायचं असेल त्यांनी जरूर जा, जत्रा सोडूनही जा. पावसाळ्यात खड्ड्याच्या जवळपास फिरकू नका, आणि कुठल्याच ऋतूत त्या पाण्यात उतरू नका, काठ कधी सुटेल सांगता येत नाही आणि खोली एकदम आहे. कोणाच्या तरी ओळखीने जा, गावात आधी बसा, मग फिरा. जोडून मयेचं तळं बघता येतं, डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात गावठी भाजी मिळते, ती विकणाऱ्या बाईला कुठल्या गावची ते विचारा, पाणी आहे का ते विचारा, ती सांगेल.

आम्ही मात्र त्या रात्री एक काम सुरू केलं. मैत्रिणीच्या मुलाची एक कोरी वही घेतली, रेघा मारल्या आणि काकींना विचारून लिहायला बसलो. बांयीचं किंवा झरीचं नाव, वाडा, कोणाच्या जमिनीत, सर्व्हे नंबर, पूर्वी चैत्रात पाणी किती हात, आता किती, कुठल्या वर्षी आटलं, त्यावर काय पिकायचं, आणि सांगणाऱ्याचं नाव-वय-सही. मुलाने प्रत्येक जागेचं लोकेशन मोबाईलवर घेतलं. भाऊ आधी लांब बसून ऐकत होते, मग उठून आले आणि काकी विसरलेल्या दोन जागा त्यांनी घातल्या, त्यातली एक ट्रक धुवायची जागा होती, म्हणाले लिहा, तिथे बारा महिने पाणी असायचं म्हणून तर आम्ही तिथे धुवायचो. शेजारच्या वाड्यातल्या एका आजोबांना दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं, त्यांचं आणि काकींचं एका तळीच्या नावावरून अर्धा तास भांडण झालं, दोन्ही नावं लिहून घेतली. हे आता एप्रिल-मे मधे परत मोजायचं आहे, त्याच दोरीने, पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा, आणि मग पावसानंतर ऑक्टोबरात.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा, या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात तुमची आजी, मामी, काका असतील तर याच रकान्यांची वही तुम्हीही घाला. मोठं काही लागत नाही, दोरी, दगड, पेन. दोरीला हाता-हातावर गाठी मारा म्हणजे मोजायला सोपं जातं. सांगणाऱ्याची सही नक्की घ्या, तारीख घाला, आणि वहीच्या पानांचे फोटो काढून दोन वेगळ्या घरी ठेवा. आणि ज्या झरीत आता पाणी नाही तिची नोंद सगळ्यात आधी करा, कारण ती कुठे होती ते दाखवणारं माणूस बहुतेक एकच उरलेलं असतं.